अ‍ॅकिल बेटावरचं स्लीव्हमोर टाउनलँड, आयर्लंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाउनलँड म्हणजे काय? गावच ना?

गाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर देऊळ, पार, घरं येतात. टाउनलँडमध्ये यातलं काहीच नसलं तरी चालतं. सातबाऱ्यावर ‘मौजे अमुक’ असं लिहिलेलं असतं, त्याच्या जवळचा हा प्रकार: नाव असलेला, हद्द ठरलेला जमिनीचा तुकडा. त्यात पन्नास घरं असतील, दोन असतील किंवा नुसती मेंढरं असतील.

आयर्लंडमध्ये असे ६० हजारांहून जास्त टाउनलँड आहेत. काही एकरभरसुद्धा नाहीत, तर मेयो काउंटीतलं शेस्किन ७ हजार एकरांच्या वर जातं. डोंगराळ, दलदलीची जमीन असेल तिथे तुकडे मोठे आणि सुपीक भागात लहान, हे ओघानेच आलं. टाउनलँडच्या वर सिव्हिल पॅरिश, त्यावर बॅरनी, मग काउंटी आणि प्रांत. या हिशेबाने स्लीव्हमोरचा पूर्ण पत्ता असा होतो: अ‍ॅकिल पॅरिश, बरिशूल बॅरनी, मेयो काउंटी, कॉनॉट प्रांत. बॅरनीला आज कुणी विचारत नाही. टाउनलँड मात्र या उतरंडीतलं सगळ्यात खालचं आणि सगळ्यात चिवट एकक. इंग्रज सत्ता घट्ट बसण्याच्या कितीतरी आधीपासून ते चालत आलं आहे.

आजही त्याचा काही उपयोग होतो का?

रोज होतो. ग्रामीण आयर्लंडमध्ये घराला नंबर नसतो आणि पुष्कळदा रस्त्याला नावही नसतं. टाउनलँडचं नाव हाच पत्ता. २०१५ मध्ये एअरकोड नावाचा पिनकोड आला. तोपर्यंत एकाच टाउनलँडमधल्या एकाच आडनावाच्या चार घरांची पत्रं पोस्टमन केवळ ओळखीवर वाटत असे. उत्तर आयर्लंडमध्ये १९७० च्या दशकात टपाल खात्याने पत्त्यातून ही नावं काढून रस्त्यांची नावं आणि घर क्रमांक आणायला सुरुवात केली, तेव्हा लोक चांगलेच भडकले होते. फर्मॅना काउंटीने तर ते बऱ्याच अंशी रोखूनच धरलं.

टाउनलँड समजून घ्यायला इतक्या हजारांतून स्लीव्हमोरच का निवडलं?

एकाच डोंगरउतारावर पाच हजार वर्षांहून जुनी थडगी, कांस्ययुगातली घरं, १९ व्या शतकातलं ओसाड गाव आणि त्याच्याभोवती अजून डोळ्यांना दिसणारे शेताचे वाफे, असा योग फार कमी ठिकाणी जुळून येतो. दुसरं कारण थोडं वैतागाचं आहे. या जागेवर ‘दुष्काळाने ओस पडलेलं गाव’ असा शिक्का बसला आहे. पर्यटक येतात, फोटो काढतात, हळहळतात आणि जातात. खरी हकिकत त्याहून गुंतागुंतीची आहे आणि मला विचाराल तर जास्त बोचणारी.

हे नेमकं आहे कुठे? उच्चार काय?

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याला चिकटून असलेलं अ‍ॅकिल हे त्या देशाच्या किनाऱ्यालगतचं सगळ्यात मोठं बेट, क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस किलोमीटर. ‘अचिल’ म्हणू नका, ‘अ‍ॅकिल’. स्लीव्हमोर म्हणजे मोठा डोंगर आणि त्याच डोंगराच्या नावाचं हे टाउनलँड. डोंगराची उंची साधारण ६७० मीटर. म्हणजे आपल्या सह्याद्रीपुढे काहीच नाही, पण थेट समुद्रातून उठल्यामुळे अंगावर येतो. बेट म्हणायचं ते सवयीने. १८८७ पासून मुख्य भूमीला जोडणारा पूल आहे. तो जमीन चळवळीचे नेते मायकेल डॅविट यांच्या नावाचा आणि उद्घाटनही त्यांच्याच हातचं. सध्याचा पूल २००८ चा आहे.

वस्ती किती जुनी आहे?

डोंगराच्या दक्षिण उतारावर नवाश्मयुगातल्या महापाषाणी कबरी आहेत. त्यांचा काळ साधारण इसवी सनापूर्वी ४००० ते ३००० च्या दरम्यानचा. त्यांतल्या काही ‘कोर्ट टूम’ प्रकारच्या आहेत: पुढे दगडांनी वेढलेलं अंगण आणि त्यामागे मृतांसाठी दालनं. याच उतारावर पुढच्या काळातली, कांस्ययुगातली गोल घरं उत्खननात सापडली आहेत. ओसाड गावाच्या एका टोकाला जुनी दफनभूमी आणि पवित्र विहीर आहे. गावाच्या पश्चिमेला वर चढून गेलं की नेपोलियनच्या स्वारीच्या भीतीने १९ व्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या टेहळणी मनोऱ्याचे अवशेष आहेत आणि जवळच पांढऱ्या गारगोटीची बंद पडलेली खाण.

अ‍ॅकिलवर आणखी एक प्रकारची जागा पुष्कळ ठिकाणी आढळते, तिला ‘किलीन’ म्हणतात. बाप्तिस्मा होण्याआधी गेलेल्या बाळांना चर्चच्या पवित्र जमिनीत पुरू देत नसत. मग आईबाप त्यांना टाउनलँडच्या हद्दीवर, जुन्या ढिगाऱ्यापाशी किंवा समुद्रकाठी मूठमाती देत. खूण म्हणून एखादा साधा दगड. नाव कुठेच नाही.

ओसाड गावात बघायला काय उरलं आहे?

८० ते १०० घरांच्या भिंती, जवळजवळ दीड किलोमीटर लांब ओळीत. छप्पर एकावरही नाही.

एका घरात शिरून पाहा. भिंती दगडावर दगड रचून केलेल्या, चुना नाही की माती नाही. कोपरे बाहेरून गोलसर, कारण अटलांटिकचं वारं काटकोनी कोपऱ्याला धरून बसतं. खोली एकच. वरच्या अंगाला चूल आणि माणसं, खालच्या अंगाला गाय. गायीच्या बाजूची जमीन मुद्दाम किंचित उताराची असते आणि तिथून शेणमुताला वाट करून देणारं दगडी गटार भिंतीखालून बाहेर काढलेलं असतं. नीट शोधलं तर काही घरांत भिंतीत बसवलेलं, जनावर बांधायचं कडंही दिसतं. चुलीजवळ भिंतीत कोनाडे. आपल्या आजीच्या घरात असत तसेच, आणि कामही तेच: मीठ, तंबाखू, काडेपेटी कोरडी ठेवायची.

गुरं आणि माणसं एका छपराखाली हे पाहून त्या काळच्या इंग्रज प्रवाशांनी नाकं मुरडली. पण गायीच्या अंगाची ऊब आणि ऐन हिवाळ्यात हाताशी दूध, हा त्यातला हिशेब होता. उत्खननात निघालेले नक्षीदार चिनीमातीच्या भांड्यांचे तुकडे आणि मातीच्या चिलमी पाहिल्या की ‘जंगली अवस्थेत राहणारे लोक’ या वर्णनावरचा विश्वास उडतो.

इथली शेती कशी चालायची?

‘रनडेल’ पद्धतीने. गावाने मिळून जमीन खंडाने घ्यायची आणि आपसांत पट्टे वाटायचे. प्रत्येकाच्या वाट्याला थोडी चांगली, थोडी मध्यम, थोडी पाणथळ जमीन यावी म्हणून एकेकाचे पट्टे दहा ठिकाणी विखुरलेले असत आणि काही वर्षांनी चिठ्ठ्या टाकून ते बदलत. वरची डोंगरी चराई सामाईक, तिथे कुणी किती जनावरं सोडायची हेही ठरलेलं. जमीनदारांच्या कारभाऱ्यांना ही पद्धत म्हणजे निव्वळ गोंधळ वाटे. भांडणं होत हे खरंच आहे, पण दगडगोट्यांच्या उतारावर कुणालाच सगळी वाईट जमीन पडू नये याची इतकी काटेकोर काळजी दुसऱ्या कुठल्या पद्धतीत घेतली गेली असती असं मला वाटत नाही.

बटाटे लावायला उंच वाफे करत. समुद्रकाठाहून शेवाळ पाठीवर आणून पसरायचं, त्यावर बटाट्याचे डोळे ठेवायचे आणि दोन्ही बाजूंची माती फावड्याने उलटून वर टाकायची. मधल्या चरांतून पाणी वाहून जातं. सकाळी किंवा संध्याकाळी उन्हं तिरपी असताना गेलात तर घरांभोवतीच्या साऱ्या उतारावर या वाफ्यांच्या सावल्या रेघेवर रेघ उमटलेल्या दिसतात. घरांपेक्षा ते जास्त पाहण्यासारखं आहे, आणि बहुतेक लोक घरांचेच फोटो काढून परततात.

मग १८४५ च्या दुष्काळातच गाव ओस पडलं ना?

सरळ ‘हो’ म्हणता येत नाही.

महादुष्काळाचा तडाखा मेयोला भयंकर बसला, यात शंका नाही. १८४५ ला बटाट्यावर करपा पडला. पुढच्या सात वर्षांत देशभरात सुमारे १० लाख लोक मेले आणि जवळजवळ तितकेच देश सोडून गेले. मेयोची लोकसंख्या १८४१ मध्ये ३ लाख ८८ हजार होती, ती १८५१ मध्ये २ लाख ७४ हजारांवर आली. स्लीव्हमोर यातून सुटणं शक्यच नव्हतं.

पण गाव एका हंगामात मेलं नाही. दुष्काळानंतर जमिनीची मालकी बदलली, खंडाचा आणि हकालपट्टीचा दाब वाढला, विखुरलेले पट्टे मोडून सलग शेतं पाडायचं धोरण आलं. अशात डोंगराच्या उतारापेक्षा समुद्रकाठ बरा, निदान मासे आणि शेवाळ हाताशी, असा विचार करून कुटुंबं हळूहळू खाली डूआ आणि पोला या किनाऱ्यावरच्या गावांत सरकली. काही अमेरिकेला गेली. आणि यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे घरं सोडल्यावरही ती वापरातून गेली नाहीत.

सोडलेली घरं कशासाठी वापरत?

‘बूली’साठी. उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणात न्यायची, घरातल्या तरुण मुलींनी आणि पोरांनी तिथेच राहायचं, दूध काढायचं, लोणी करायचं आणि हिवाळ्याच्या तोंडावर खाली उतरायचं. यामुळे खालच्या शेतांतलं पीक जनावरांपासून वाचे आणि वरचं गवत वाया जात नसे. डूआ आणि पोलाच्या लोकांनी आपल्याच वाडवडिलांची स्लीव्हमोरमधली घरं यासाठी वापरली, आणि तीही थेट १९४० च्या दशकापर्यंत. बूलीची चाल आयर्लंडमध्ये इतक्या उशिरापर्यंत क्वचितच कुठे टिकली.

म्हणजे ‘दुष्काळाचं गाव’ ज्याला म्हणतात, तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातही उन्हाळ्यात चुली पेटत होत्या. हे पर्यटकांच्या माहितीपत्रकात ठळकपणे यायला हवं.

अ‍ॅकिल मिशनचं प्रकरण काय आहे?

हा विषय बेटावर अजूनही जरा जपूनच काढतात. एडवर्ड नँगल हे प्रॉटेस्टंट धर्मगुरू १८३१ मध्ये मदतीचं धान्य घेऊन येणाऱ्या जहाजाबरोबर अ‍ॅकिलला आले. पुढे त्यांनी स्लीव्हमोर डोंगराच्याच पायथ्याशी, डुगोर्टला, एक वसाहत उभारली. टुमदार घरांच्या रांगा, शाळा, दवाखाना, अनाथालय, छापखाना. १८३७ पासून स्वतःचं वृत्तपत्रसुद्धा. आसपासच्या वस्त्यांत शाळा काढल्या, त्यात स्लीव्हमोरही होतं.

कॅथलिक चर्चने कडाडून विरोध केला. ट्यूमचे आर्चबिशप जॉन मॅकहेल स्वतः यात उतरले. दुष्काळात मिशनने अन्न आणि काम दिलं, शाळेतल्या मुलांना जेवण दिलं आणि धर्मांतरितांची संख्या वाढली. सूपासाठी धर्म विकला म्हणून अशांना ‘सूपर’ हे हिणवणारं नाव पडलं. ते पिढ्यान् पिढ्या कुटुंबांना चिकटून राहिलं. मिशन नसतं तर आणखी माणसं उपाशी मेली असती, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं लोकांना झेपत नाही, म्हणून प्रत्येक जण आपल्याला हवी ती बाजू सांगतो.

स्लीव्हमोरच्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट पुढे घडली. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्जबाजारी जमीनदाराची मिळकत विकली गेली आणि बेटाचा मोठा हिस्सा मिशनने विकत घेतला. धर्माचं काम करणारी संस्था आता खंड वसूल करणारी मालक झाली होती.

‘बॉयकॉट’ म्हणजे बहिष्कार हा शब्द ज्याच्या नावावरून आला, तो कॅप्टन बॉयकॉट इथलाच का?

हो, तोच. १८५० च्या दशकात चार्ल्स बॉयकॉट अ‍ॅकिलला आला आणि १८७३ च्या सुमारास निघून जाईपर्यंत इथेच शेती करत होता. ज्या प्रकरणावरून त्याचं नाव जगभर गेलं, ते १८८० चं, मेयोच्याच दुसऱ्या टोकाला लॉक मास्कच्या काठचं. तिथे तो जमीनदाराचा एजंट होता आणि गावकऱ्यांनी त्याचं काम, दुकान, टपाल सगळं तोडलं. पंचवीस वर्षांनी वंगभंगाच्या वेळी पुण्यात टिळकांनी बहिष्काराची हाक दिली, तेव्हा वर्तमानपत्रांत याच माणसाचं नाव क्रियापद होऊन वावरत होतं.

गाव सोडून गेलेल्यांचं पुढे काय झालं?

अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात अ‍ॅकिलच्या लोकांची मोठी वस्ती झाली. जे राहिले त्यांच्यातले तरुण दर उन्हाळ्यात टोळ्या करून स्कॉटलंडला बटाटे काढायच्या मजुरीला जात. त्या पैशावर इथलं घर आणि खंड चाले.

याच मजुरीच्या वाटेवर दोन अपघात झाले. १४ जून १८९४ रोजी वेस्टपोर्टच्या धक्क्याजवळ, स्कॉटलंडचं जहाज पकडायला निघालेली होडी उलटली आणि ३२ जण बुडाले. अ‍ॅकिलचा रेल्वेमार्ग तेव्हा जेमतेम पुरा होत होता. अधिकृतपणे सुरू होण्याआधीच त्यावरून जी गाडी धावली, ती मृतदेह घेऊन. नंतर सप्टेंबर १९३७ मध्ये स्कॉटलंडच्या किर्किंटिलोक गावी मजुरांच्या झोपायच्या खोलीला आग लागून अ‍ॅकिलची दहा पोरं गेली, सगळ्यात लहान १३ वर्षांचा. रेल्वेमार्ग बंद व्हायच्या बेतात होता. त्यांचे मृतदेहही गाडीनेच आले. पहिली आणि शेवटची गाडी मढी घेऊन येईल असं भाकीत ब्रायन रुआ नावाच्या द्रष्ट्याने फार पूर्वी केलं होतं, असं मेयोत सांगतात. भाकिताचं खरंखोटं बाजूला ठेवा, तारखा नोंदलेल्या आहेत. त्या रेल्वेमार्गावर आता सायकलींचा सुंदर रस्ता झाला आहे, वेस्टपोर्टपासून ४० किलोमीटरच्या वर.

एखाद्या टाउनलँडचा इतिहास शोधायचा तर कुठून सुरुवात करावी?

आधी एक वाईट बातमी. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या दप्तरखान्याबरोबर जळाले. १८६१ ते १८९१ चे सरकारने स्वतःच नष्ट केले. म्हणून १९०१ आणि १९११ च्या जनगणनेला सोन्याचं मोल. दोन्ही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर टाउनलँडनुसार फुकट पाहता येतात, घरप्रमुखाच्या हस्ताक्षरासकट. १९२६ ची जनगणना १०० वर्षांच्या नियमानुसार खुली करण्याचं वर्ष २०२६.

त्याआधीच्या काळासाठी दोन खुंट्या: १८२३ ते १८३७ मधल्या चर्चच्या दशांश कराच्या वह्या आणि १८४७ ते १८६४ दरम्यानची ग्रिफिथची मूल्यांकन यादी. ग्रिफिथमध्ये कूळ कोण, मालक कोण, जमीन किती, करासाठी तिचं ठरवलेलं मूल्य किती हे सगळं येतं. बायकामुलं येत नाहीत. नाव नसलं म्हणजे माणूस नव्हता असं समजू नका, पोटकुळं सर्रास वगळलेली असतात.

नावांसाठी ‘लॉगइनम’ हा सरकारी स्थलनाम कोश पाहा. आणि माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे ‘शाळांचा संग्रह’. १९३७ ते १९३९ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांना वह्या देऊन सांगितलं गेलं की घरच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी लिहून आणा. सुमारे ५० हजार मुलांनी भुतं, औषधं, दुष्काळाच्या आठवणी, शेतांची नावं, सगळं लिहून आणलं. ‘दूकास’ संकेतस्थळावर ते त्या मुलांच्या अक्षरात वाचता येतं.

जुने नकाशे इतके अचूक कसे?

ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मोजणी खात्याने १८२४ पासून दोन दशकांत अख्खं आयर्लंड एका मैलाला सहा इंच या प्रमाणात मोजलं. हेतू कराचा होता, पण त्यामुळे स्लीव्हमोरची घरंन् घरं १८३८ च्या नकाशावर दिसतात, दुष्काळाच्या आधीची.

आपला धागाही इथे सापडतो. या मोजणीसाठी थॉमस कोल्बी यांनी उष्णतेने लांबी न बदलणाऱ्या मोजपट्ट्या तयार केल्या. भारताच्या महात्रिकोणमितीय मोजणीचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८२९ मध्ये आयर्लंडला जाऊन ते काम पाहिलं आणि तशाच पट्ट्या भारतात आणल्या. कलकत्त्याची आधाररेषा त्या पट्ट्यांनीच मोजली गेली. एव्हरेस्ट ज्यांच्या जागी आले ते विल्यम लँबटन १८२३ मध्ये आपल्या वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला वारले, त्यांची कबर तिथेच आहे.

इथे कुणी प्रसिद्ध लेखक, चित्रकार आले होते का?

चित्रकार पॉल हेन्री १९१० मध्ये आले आणि जवळजवळ दशकभर राहिले. पश्चिम आयर्लंड म्हटलं की निळे डोंगर आणि पांढरी घरं असं जे चित्र मनात येतं, ते बरंचसं त्यांचं. जर्मन लेखक हाइनरिख ब्यॉल १९५० च्या दशकात सहकुटुंब आले, या ओसाड गावावर त्यांनी लिहिलं आणि पुढे १९७२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. डुगोर्टचं त्यांचं घर आता लेखक-कलावंतांना राहायला देतात.

आयर्लंडचे पंतप्रधान मराठी होते, त्यांचा याच्याशी संबंध?

लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, ते स्वतः डब्लिनचे. अ‍ॅकिलशी संबंध नाही. प्रश्न मात्र दर वेळी येतो.

जायचं कसं आणि कधी?

डब्लिनहून वेस्टपोर्टपर्यंत रेल्वे, तीन-साडेतीन तास. पुढे बस किंवा भाड्याची गाडी. गाडी असेल तर उत्तम, बसच्या फेऱ्या बेताच्याच असतात. भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा व्हिसा लागतो, शेंगेन चालत नाही. ब्रिटनही करणार असाल तर दोन्ही देशांच्या एकत्रित व्हिसा योजनेची चौकशी करा. गाडी दफनभूमीपाशी लावून चालत गावात जायचं, तिकीट नाही. मे आणि जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. पावसाची तयारी बाराही महिने, आणि बूट असे घाला की चिखलात रुतले तरी दुःख होणार नाही.

आठवण म्हणून एखादा दगड किंवा भांड्याचा तुकडा आणला तर?

आणू नका. जागेला कायद्याचं संरक्षण आहे आणि परवान्याशिवाय मेटल डिटेक्टर घेऊन पुरातन वस्तू शोधणं आयर्लंडमध्ये गुन्हा आहे. १९९१ मध्ये सुरू झालेली इथली पुरातत्त्व शाळा वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना घेऊन इथे उत्खनन करत आली आहे. तुकडा जिथे पडला आहे तिथेच असला तरच त्यांना तो कुठल्या थरातला हे कळतं. भिंतींवर चढू नका, दगड नुसते रचलेले आहेत. आणि कुत्रा बरोबर असेल तर बांधून ठेवा, मेंढ्या आजही तिथे चरतात आणि त्यांचे मालक खाली डूआत राहतात.